स्वस्त हत्यारांतला कोणता दोष घरी काढता येतो आणि कोणता नाही?

जुना फिटर (पाथर्डी फाटा)

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३१ वर्षे काढून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि घरामागच्या दहा बाय बाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचे छोटेसे वर्कशॉप मांडले. कारखान्यात हत्यारे विकत घेणे हे आमचे काम नव्हते. स्टोअरला चिठ्ठी दिली की हत्यार हातात येत असे. त्यामुळे स्वतःच्या खिशातून घ्यायची वेळ आली तेव्हा सगळे माहीत असूनही मी नवख्यासारखा फसलो. आता माझ्या भाच्याला सिडकोतल्या घरी असेच वर्कशॉप मांडायचे आहे. त्याच्याकडे २०,००० रुपये आहेत आणि तो रोज मला मोबाईलवर कुठल्या ना कुठल्या ‘सेट’चा फोटो पाठवतो. त्याच्यासाठी केलेले टिपण येथे मांडतो आहे, म्हणजे माझे कुठे चुकत असेल तर आपण दाखवून द्याल.

माझा ठोकताळा असा आहे की स्वस्त हत्यार हे बहुतेक वेळा अर्धवट सोडलेले हत्यार असते. बनवणाऱ्याने पैसा एकतर मजुरीत वाचवलेला असतो, म्हणजे घासणे, जुळवणे, कडा मोडणे, धार लावणे ही कामे सोडून दिलेली असतात. नाहीतर मालात वाचवलेला असतो, म्हणजे पोलाद हलके, पाणी (म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कडक करणे) नीट दिलेले नाही, बेअरिंगच्या जागी बुश, तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम. मजुरीत वाचवलेला पैसा आपण आपल्या मजुरीने भरून काढू शकतो, पण मालात वाचवलेल्या पैशाला इलाज नसतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून मी चार इंची शेगडा, म्हणजे आपण कारखान्यात ज्याला वाइस म्हणतो तो, घेतला. त्याच मापाचा नावाजलेला शेगडा जवळपास तिप्पट किमतीला होता. घरी आणून जबडे मिटवले आणि उजेडासमोर धरले, तर डावीकडे फट दिसत होती. वहीच्या कागदाच्या दोन पट्ट्या घेऊन एक डाव्या टोकाला आणि एक उजव्या टोकाला धरून जबडे आवळले, तेव्हा उजवी पट्टी घट्ट बसली आणि डावी सहज निघून आली. मागच्या बाजूचा रंग नखाने खरवडला, तर खाली लांबी (भोके बुजवायचा लगदा) भरलेली निघाली आणि लांबीखाली वाटाण्याएवढे ओतकामातले भोक. हे पाहून माझे मित्र म्हणाले की परत करून टाका.

मी परत केला नाही. भोक होते ते मागच्या शेपटीकडे, जिथे ताण येत नाही. स्क्रू काढून पाहिला, तर आटे चौकोनी आणि पुरेसे जाड होते. हाताला अर्ध्या फेऱ्याइतकी ढिलाई लागत होती, पण शेगड्याला तेवढी चालते. मग जबड्यांच्या पट्ट्या सोडवल्या. त्यांच्यामागची बैठक मशीनवर न घासता तशीच रंगवून टाकलेली होती. निळी (उंचवटे दाखवणारा निळा रंग) लावून, उंचवटे कानशीने काढून, पुन्हा निळी लावून दोन संध्याकाळी घालवल्या आणि दोन्ही टोकांच्या कागदी पट्ट्या सारख्या धरू लागल्या. तो शेगडा आज दोन वर्षे मी रोज वापरतो आहे.

त्याच आठवड्यात मी १०८ नगांचा गोटी पान्यांचा (सॉकेटचा) संच घेतला होता. पेटी सुंदर, आतली चकाकी त्याहून सुंदर, आणि प्रत्येक गोटीवर क्रोम व्हॅनेडियम (चांगल्या पान्यांचे मिश्र पोलाद) असे कोरलेले. शेजाऱ्यांच्या जीपचा गंजलेला १९ चा नट सोडवताना गोटीचे तोंड फुलासारखे उमलले आणि माझी बोटे मडगार्डच्या कडेवर आपटली. त्या गोटीचे मी काय करणार? तिला कानस लावून उपयोग नाही आणि घरी पाणी देऊनही उपयोग नाही, कारण मुळात आत काय ओतले आहे हेच माहीत नाही. उरलेल्या १०७ नगांवरचाही माझा विश्वास त्या दिवशी उडाला.

विजेवर चालणाऱ्या हत्यारांविषयी माझे ज्ञान तोकडे आहे, तरी जाणकारांनी त्यावर जरूर लिहावे.

बागाईतदार (निफाड तालुका)

धागाकर्ते काका, आपले म्हणणे पटले, पण त्यात वेळेचा हिशेब धरलेला नाही. आपण शेगड्यावर दोन संध्याकाळी घालवू शकलात, कारण त्या दोन संध्याकाळी कुणी आपली वाट पाहत नव्हते. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाल्यावर बागेत कोवळी फूट असते, त्यात अवकाळी पाऊस आला की डावणी रोगाच्या भीतीने त्याच दिवशी फवारणी करावी लागते. अशा सकाळी फवारणीच्या ब्लोअरचा बोल्ट पान्यात फिरला आणि त्याचे डोके गोल झाले, तर पाना दीडशे रुपयांना पडला की चारशेला, याला काही अर्थ उरत नाही. मी हे एकदा भोगले आहे. घरात पान्यांचे तीन संच होते, पण चालणारा एकही नव्हता. शेवटी शेजारच्या मळ्यातून पाना मागून आणला तेव्हा अकरा वाजले होते आणि वारा सुटला होता.

तेव्हापासून मी संच घेणे सोडले. माझ्या ट्रॅक्टरच्या मागच्या सगळ्या अवजारांवर हिंडून कोणत्या मापाचे बोल्ट किती आहेत ते एका दुपारी मोजले. १३, १७ आणि १९ या तीन मापांत जवळपास सगळे आले, म्हणजे ८, १० आणि १२ मिलिमीटरचे बोल्ट. (नव्या काही यंत्रांवर १७ आणि १९ च्या ऐवजी १६ आणि १८ ची डोकी येतात, म्हणून मोजून घ्यावे हे बरे.) या तीन मापांचे रिंग पाने आणि फिक्स पाने मी उत्तम प्रतीचे, सुटे घेतले. बाकीची मापे वर्षातून एकदा लागतात, तिथे स्वस्त संच पडून आहे.

कार्यशाळेतला मास्तर (सातपूर)

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत बरीच वर्षे फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवले आहे, त्यामुळे दरवर्षी नवी मुले कोणती हत्यारे घेऊन येतात आणि त्यांतली वर्षअखेर किती उरतात हे पाहिलेले आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, पण त्यांत मापनाची हत्यारे आलेली नाहीत आणि माझ्या मते स्वस्ताईचा सर्वांत महाग फटका तिथेच बसतो. पाना घसरला तर लगेच कळते. व्हर्नियर (जबड्यांत धरून बारीक माप घ्यायचे हत्यार) खोटे बोलत असेल तर जॉब पूर्ण होऊन जुळवायला घेईपर्यंत कळत नाही.

दुकानात उभे राहून व्हर्नियर कसे तपासावे हे मुलांना मी असे सांगतो. आधी जबडे मिटवून दिव्याकडे धरावेत. मधून उजेडाची रेघ दिसली तर ते तिथेच ठेवावे. मग शून्य जुळते का ते पाहावे. डिजिटल असेल तर पट्टी पाच-सहा वेळा झपाट्याने मागेपुढे करून पुन्हा मिटवावी आणि शून्यच येते का ते पाहावे. एवढे पुरेसे नाही, कारण शून्य बरोबर असूनही पुढे माप चुकू शकते. स्लिप गेज (अचूक मापाचे पोलादी ठोकळे) कुणी खिशात घालून हिंडत नाही. त्याच्या ऐवजी अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेले, नावाजलेल्या कंपनीचे ६२०३ क्रमांकाचे नवे बॉल बेअरिंग जवळ ठेवावे. त्याचा बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर असतो आणि सर्वसाधारण दर्जाच्या बेअरिंगलाही त्यात फार तर ०.०११ मिलिमीटर कमी एवढीच सूट असते. जास्तीची सूट नसते. ०.०२ मिलिमीटर अल्पतम मापाच्या (म्हणजे तेवढा बारीक फरक दाखवणाऱ्या) व्हर्नियरने ते ४०.०० किंवा ३९.९८ दाखवायला हवे. त्यापेक्षा वेगळे दाखवले तर बेअरिंग नव्हे, व्हर्नियर परत करावे. मात्र बेअरिंगची जाडी, जी १२ मिलिमीटर सांगितलेली असते, ती तपासणीला वापरू नये, कारण तिच्यात ०.१२ पर्यंत कमी चालते. ही बाब लक्षात न घेता माझ्या एका विद्यार्थ्याने चांगले व्हर्नियर दुकानदाराच्या अंगावर टाकले होते!

गुण्याची परीक्षा तर फुकट आहे. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून एक रेघ मारावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारावी. दोन रेघा फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्याची आहे. लेव्हलचेही तसेच: एका जागी बुडबुडा पाहावा, मग लेव्हल तोंडाकडून शेपटीकडे फिरवून त्याच जागी पुन्हा पाहावा.

पान्यांबद्दल एक सांगतो. क्रोम व्हॅनेडियम हे शब्द कोरायला पैसे पडत नाहीत. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर या ॲपवर टाकून कुणाच्या नावावर आहे ते पाहता येते; चिन्ह आहे आणि क्रमांक नाही, तर ते चिन्ह नक्षी समजावे. दुसरे असे की हाताच्या हत्यारांसाठी नाशिककरांनी फार लांब पाहण्याची गरज नाही. टपारियाचा कारखाना आपल्या सातपूरलाच आहे आणि स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने तिथे १९६९ पासून हत्यारे बनत आहेत. त्यांचा सुटा पाना आणि अनोळखी नावाचा पाना यांच्या किमतीत फरक असतो, पण तो दर वर्षी नवा पाना घेण्याइतका नसतो.

रंधा हाती (गंगापूर रोड)

मी हौस म्हणून सुतारकाम करते आणि लाकडाच्या हत्यारांत काकांचा ठोकताळा फारच खरा ठरतो असे माझे मत आहे. चार पटाशांचा स्वस्त संच मी घेतला तेव्हा पहिल्याच दिवशी सागवानात धार दुमडली. मी ती रागाने बाजूला टाकली होती. पुढे वडिलांनी सांगितले की कारखान्यात धार घाईने घासतात तेव्हा टोक निळे पडेपर्यंत तापते आणि तेवढ्याच भागाचे पाणी उतरते. तीन-चार मिलिमीटर मागे गेलीस तर आत बरे पोलाद सापडेल. तसे केले. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडून जाड काचेचा तुकडा आणला, त्यावर १२०, ४०० आणि १००० नंबरचे पॉलिश पेपर चिकटवले आणि पाणी मारत मारत पटाशीची पाठ आधी सपाट केली, नंतर धार मागे नेली. चारपैकी तीन पटाश्या आज उत्तम चालतात. चौथी कितीही मागे नेली तरी दुमडते, म्हणजे तिला पाणी दिलेलेच नसावे. तिने मी रंगाचे डबे उघडते.

रंध्याचेही तसेच. लोखंडी रंध्याचा तळ काचेवर घासला तेव्हा पुढचे आणि मागचे टोक चमकले आणि मधला तोंडाजवळचा भाग काळाच राहिला, म्हणजे तळ पोकळ होता. पाऊण तास घासावे लागले. माझ्या दृष्टीने हा पाऊण तास म्हणजे वाचलेल्या दीड हजारांची मजुरी.

करवतीच्या बाबतीत मात्र मी हरले. दातांना हल्ली कडक पाणी दिलेले असते, त्यांना कानस लागत नाही, त्यामुळे बोथट झाली की टाकावी लागते. तिथे स्वस्त काय आणि महाग काय, वापरून फेकायचीच आहे, म्हणून मी मधली घेते.

नवशिक्या (इंदिरानगर)

सर्वांना नमस्कार. मोबाईलवर एक बॅटरीचे ड्रिल १,९०० रुपयांना दिसते आहे, त्यावर ८८ व्हीएफ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे आणि सोबत दोन बॅटऱ्या आहेत. माझ्या ओळखीतले नावाजलेल्या कंपनीचे ड्रिल १८ व्होल्टचेच आहे. मग हे जवळपास पाचपट ताकदीचे असूनही स्वस्त कसे?

वाइंडिंगवाला (सिन्नर)

भाऊ, ते ८८ व्होल्टचे नाही. व्हीएफ या अक्षरांना विजेच्या मापात काही अर्थ नाही. ती अक्षरे व्होल्टसारखी दिसावीत एवढ्यासाठीच असतात. असे बॅटरीपॅक माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा उघडल्यावर आत बहुधा पाच सेल एकापुढे एक जोडलेले निघतात. लिथियमच्या एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणजे पाचांचे १८ झाले. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ पर्यंत जातो, म्हणजे पाचांचे २१ झाले. त्यामुळे १८, ‘२० मॅक्स’ आणि २१ ही तिन्ही लेबले एकाच घरातली भावंडे आहेत. खरा फरक सेलच्या प्रतीत, त्यांच्या संरक्षक सर्किटमध्ये आणि पुढे तीन वर्षांनी त्याच खाचेची बॅटरी मिळते की नाही यात असतो.

विजेच्या हत्यारांबद्दल मास्तरांसारखी तपासणी दुकानात करता येत नाही, कारण मोटार बंद डब्यात असते. तरीही काही खुणा आहेत. एक म्हणजे अश्वशक्तीचा दावा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. घरातल्या लहान पिनच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टवर जास्तीत जास्त १,३८० वॅट ओढता येतात. ज्या कॉम्प्रेसरला लहान पिन आहे आणि अंगावर ३ अश्वशक्ती लिहिले आहे, त्याने २,२३८ वॅटचे काम कुठून आणायचे? असे लेबल दिसले की त्या यंत्रावरच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नये, हा माझा नियम आहे.

दुसरी खूण म्हणजे कार्बन ब्रश बदलायला बाहेरून झाकण आहे का. ब्रश ही झिजायचीच वस्तू आहे. बाहेरून दोन झाकणे असतील तर पाच मिनिटांत बदलतो. नसतील तर सगळे उघडावे लागते. घ्यायच्या आधी दुकानदाराला सरळ विचारावे की याचा ब्रश आणि आर्मेचर (मोटारीचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) तुमच्याकडे सुटा आहे का, आणि आहे म्हणाला तर दाखवायला सांगावे. माझ्याकडे येणाऱ्या जळालेल्या यंत्रांत अशी पुष्कळ असतात की दोष छोटा असतो, पण आर्मेचर कुठेच मिळत नाही आणि रीवाइंडिंगचा खर्च यंत्राइतकाच येतो. तिसरी खूण ड्रिलची: चकमध्ये (बिट पकडणाऱ्या तोंडात) सरळ, नवे ८ मिलिमीटरचे बिट लावून सावकाश फिरवावे आणि टोक डोलते का ते पाहावे. चक डोलत असेल तर तो बदलता येतो. पण चक काढून नुसता स्पिंडल बोटाने हलवल्यावर खटखटला, तर ते बेअरिंगचे घर आहे आणि त्याला काका म्हणतात तसा इलाज नाही.

भंगारप्रेमी (जुने नाशिक)

माझे मत जरा वेगळे आहे. नवे स्वस्त घेण्यापेक्षा जुने चांगले घ्यावे. सातपूर आणि अंबडमधले छोटे गाळे बंद होतात तेव्हा त्यांची हत्यारे भंगारात किलोच्या भावाने जातात. माझ्याकडचा सहा इंची शेगडा असाच आला. त्याचा जबडा खरवडलेला आहे, पण अंग असे आहे की घण मारला तरी घंटेसारखा वाजतो. ऐरण, शेगडा, मोठे हातोडे, पाइप पाने, सी-क्लॅम्प या गोष्टींचे वय मोजायचे नसते.

जुना फिटर (पाथर्डी फाटा)

शेगडा, ऐरण आणि क्लॅम्पबद्दल आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे आणि ते मला आधी सुचायला हवे होते. तुमच्या शेगड्याचा घंटेसारखा आवाज येतो म्हणजे तो एसजी आयर्नचा (चिवट ओतीव लोखंडाचा) किंवा पोलादी असावा. साधे बीड, म्हणजे साधे ओतीव लोखंड, बद्द वाजते. (अर्थात बद्द आवाज तडा गेल्यामुळेही येतो, म्हणून रॉकेल लावून पुसून, वर खडूची पूड टाकून पाहावे; तडा असेल तर रेघ ओली उमटते.) मात्र जुने व्हर्नियर, जुने मायक्रोमीटर आणि जुना ग्राइंडर भंगारातून घेऊ नयेत. पहिल्या दोन वस्तू कुणीतरी पाडल्यामुळेच तिथे आलेल्या असतात.

कानशीही जुन्या घेऊ नयेत, पण जुन्या कानशी टाकूही नयेत. दुकानात पटाशी किंवा छिन्नी घेताना खिशातल्या जुन्या कानशीचा कोपरा तिच्या अंगावर, कुठे दिसणार नाही अशा जागी, हलकेच ओढावा. पटाशीच्या धारेजवळ कानस सरकून गेली पाहिजे. पान्यावर ती थोडीशी लागेल आणि लागलीच पाहिजे, कारण पाना पटाशीइतका कडक केला तर तडकेल. पण साबणात जावी तशी गेली तर पाना खाली ठेवावा. दुकानदाराची परवानगी आधी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

ग्राइंडरचा विषय अजून निघालेला नाही. भाच्याला तोच सर्वांत आधी घ्यायचा आहे.

वाइंडिंगवाला (सिन्नर)

काका, ग्राइंडरबद्दल मी मुद्दाम थांबलो होतो, कारण त्यात यंत्रापेक्षा डिस्क महत्त्वाची आहे आणि लोक नेमके उलटे करतात. अडीच हजारांचा ग्राइंडर घेतात आणि त्याला दहा रुपयांची डिस्क लावतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० ते १२,००० फेरे फिरतो. चार इंची चांगल्या डिस्कवर सुमारे १५,२०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, म्हणजे डिस्कची कड सेकंदाला ८० मीटर वेगापर्यंत सुरक्षित असते. सात इंची डिस्कची मर्यादा ८,५०० च्या आसपास असते. कुणी चार इंची यंत्राचे गार्ड काढून, बुश घालून सात इंची डिस्क लावली तर तिची कड सेकंदाला १०० मीटरच्या वर पळते. आमच्या गल्लीत एका फॅब्रिकेशनवाल्याने हे केले. डिस्कचा तुकडा पत्र्याच्या छपरातून आरपार गेला. माणूस वाचला तो केवळ खाली वाकला होता म्हणून.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. डिस्कच्या मधल्या पितळी रंगाच्या रिंगवर महिना आणि वर्ष कोरलेले असते. ती डिस्क वापरण्याची शेवटची तारीख असते, साधारण बनवल्यापासून तीन वर्षे, कारण आतली राळ ओल आणि काळ यांनी कमकुवत होते. आपल्याकडे चार महिने पावसाळी हवा असते आणि डिस्का दुकानाच्या पोटमाळ्यावर पडून असतात. रिंगवर तारीखच नसेल तर ती डिस्क मी फुकटही घेत नाही. आणि लाकूड कापायचे दातेरी पाते ग्राइंडरला लावणे हा प्रकार तर कुणीही करू नये. ते लाकडात अडकले की यंत्र हातातून उसळते.

यंत्रापुरते बोलायचे तर हौशी माणसाला स्वस्त ग्राइंडर चालेल, फक्त गार्ड घट्ट बसणारे हवे आणि अंगावर चौकोनात चौकोन हे दुहेरी इन्सुलेशनचे चिन्ह हवे.

कार्यशाळेतला मास्तर (सातपूर)

यास मी एवढेच जोडेन की पत्र्याच्या शेडमध्ये, ओल्या कोब्यावर काम करणाऱ्याने चिन्हावर विसंबू नये आणि २०,००० मधले पहिले पैसे ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीला (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचला) द्यावेत. चष्मा त्यानंतर, आणि ग्राइंडर त्यानंतर.

रंधा हाती (गंगापूर रोड)

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर विचारते: जुलै-ऑगस्टमध्ये आपण गंजाचे काय करता? माझ्या पटाश्यांवर गेल्या वर्षी आठ दिवसांत तांबूस ठिपके आले.

जुना फिटर (पाथर्डी फाटा)

ताई, शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा पुसून ठेवावा, आणि स्वस्त संचाबरोबर येणाऱ्या फोमच्या खाचांत हत्यारे पावसाळ्यात ठेवू नयेत; तो फोम ओल धरतो.

मागे वळून सांगायचे तर, काल रविवारी भाच्याला घेऊन बाजारात गेलो. त्याने संचाचा हट्ट सोडला होता, पण ग्राइंडरचा नाही. ईएलसीबी आणि चष्मा आधी घेतला. ६२०३ बेअरिंग आम्ही बेअरिंगच्या दुकानातून घेऊन गेलो होतो. तिसऱ्या दुकानात एका डिजिटल व्हर्नियरने ते ४०.०७ दाखवले आणि दुकानदार म्हणाला की बेअरिंगच मोठे असेल. त्याच्याच काउंटरवरच्या दुसऱ्या व्हर्नियरने ३९.९९ दाखवले, तेव्हा तो हसला आणि पहिले त्याने खोक्यात न घालता बाजूला ठेवले. आम्ही दुसरे घेतले.

१३, १७ आणि १९ चे पाने निफाडच्या भाऊंच्या सल्ल्याप्रमाणे सुटे आणि चांगले घेतले, पण भाच्याच्या मोटारसायकलवर सगळीकडे १०, १२ आणि १४ आहेत हे त्याला पार्किंगमध्ये परत आल्यावर आठवले, म्हणून पुन्हा जिना चढावा लागला. ग्राइंडरच्या डिस्का पाहताना पहिल्या गठ्ठ्यातल्या सगळ्यांच्या रिंगवर मागच्या वर्षीची तारीख निघाली. दुकानदाराने आतून नवा गठ्ठा काढून दिला. ड्रिल बिटांचा २५ नगांचा सोनेरी डबा नाकारून हायस्पीड स्टीलची ३, ४, ५, ६ आणि ८ ची सुटी बिटे घेतली, कारण सोनेरी रंगाखाली कोणते पोलाद आहे ते कळायला मार्ग नव्हता. हातोडा मात्र सर्वांत स्वस्त घेतला. त्याचा दांडा पहिल्याच आठवड्यात निघेल हे दिसतच होते, पण डोके चांगले आहे आणि माझ्याकडे बाभळीचा वाळलेला दांडा पडून आहे.

शेगडा स्वस्त, चार इंची, माझ्यासारखाच. डावीकडची कागदी पट्टी याच्याही जबड्यातून निघून येते. निळीची डबी माझ्याकडे आहे आणि कानस त्याने स्वतःची घेतली आहे; शनिवारी संध्याकाळी तो तो शेगडा घेऊन शेडवर येणार आहे.

नवशिक्या (इंदिरानगर)

काका, शनिवारी मीही आलो तर चालेल का? ते १,९०० चे ड्रिल मी मागवले नाही, पण शेगडा मात्र मागवून बसलो आहे आणि त्याची फट कागद लावायच्या आधीच दिसते आहे.

जुना फिटर (पाथर्डी फाटा)

अवश्य या. येताना जबड्यांच्या पट्ट्यांचे स्क्रू घरीच सोडवून पाहा. रंगाने जाम झालेले असतील तर आदल्या रात्री रॉकेल सोडून ठेवा.